नव्या जिल्ह्याचा नकाशा

रत्नम्मा नकाशाची गुंडाळी घेऊन वर्गाच्या दाराशी उभी होती. इतिहासाची बी.ए., मुरुडच्या शाळेत तीन वर्षं बिनट्रेनिंगची बाई. संस्थेनं ठणकावलं होतं, यंदा बी.एड. झालात तर कायम, नाहीतर घरी बसा. आणि आज लातुरात तिचा परीक्षेचा शेवटचा पाठ होता, 'आपला जिल्हा'.

सामाजिक शास्त्रे घेतली की इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र सगळं एकाच बाईनं शिकवायचं. भूगोल म्हटलं की रत्नम्मा पुस्तकच मिटायची! शेवटी बी.एड.च्या वर्गातल्या भूगोलवाल्या हणमंताशी तिनं सौदा केला. दुपारी भाकरी खाता खाता तिनं त्याला निजामाचं राज्य समजावायचं, त्यानं तिला नकाशा. "दोरा धरा ताई, नदीवरून फिरवा, मग पट्टीवर मोजा," तो म्हणायचा. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा होऊन सहा महिने झालेले, छापील नकाशा कुठं मिळेना, म्हणून तिनं स्वतःच काढला. मांजरा नदी निळ्या शाईनं रंगवली, यंदा तिच्यात पाणी कुठलं असायला!

मागच्या बाकावर नांदेडहून आलेले परीक्षक अनंतराव बसले. भूगोलाचे प्राध्यापक; इतिहासवाल्यांना नकाशावरून नापास करण्यात त्यांचा हातखंडा. रत्नम्मानं नकाशा उलगडून खिळ्याला टांगला.

"बाई," पहिल्या बाकावरची गोदावरी उभी राहिली, "वर उस्मानाबाद लिहिलंय की!"

अगं बाई! नकाशा नव्या जिल्ह्याचा आणि मथळ्याला टपोऱ्या अक्षरांत 'जिल्हा उस्मानाबाद'. जन्मभर पत्रांवर, दाखल्यांवर तेच लिहिलेलं, हातानं सवयीनं लिहून टाकलं. वर्ग खिदळला. अनंतरावांनी पेन काढलं. गेली नोकरी, तिला वाटलं. मग ती मनातल्या मनात स्वतःवरच डाफरली, मुरुडची लेक हायस न्हवं, उभी राहा!

"लई छान पकडलंस," ती म्हणाली. "आता सांग, बाईनं असं का लिहिलं?"

"सवय, बाई."

"कुणी लावली ही सवय?" तिथून ती थेट उस्मानाबाद हे नाव देणाऱ्या निजामाच्या जिल्ह्यांपर्यंत गेली. मग तिनं विचारलं, "गावातला आड आटला, तर टँकर मागायला कोण जातं?"

"माझे आबा," गोदावरी म्हणाली. "आधी उस्मानाबादला जायचे, साहेब न्हाई भेटला तर मुक्काम पडायचा. आता लातूरला जाऊन दुपारी माघारी येतात."

"मग आबांचं वाचलं काय?"

"एका दिवसाची मजुरी!" सगळा वर्ग ओरडला. रत्नम्मानं गोदावरीच्या हातात दोरा दिला, तिच्या गावापासून दोन्ही ठिकाणांची अंतरं मोजून घेतली. शेवटी मथळा खोडून खाली 'लातूर' लिहायलाही तिलाच लावलं.

घंटा झाली. अनंतरावांनी तिला बोलावून गुणांचा कागद भरायला घेतला. रत्नम्मा, मुक्काम मुरुड, तालुका लातूर, जिल्हा उस्मानाबाद.

बोलावं का गप्प बसावं? तिनं कागदावर बोट ठेवलं. "सर, जिल्हा चुकला."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. खोडून 'लातूर' लिहिलं. "पास आहात, बाई. पहिल्या वर्गात पास. तो नकाशा तेवढा मला द्या, नांदेडच्या पोरांना दाखवतो."

रत्नम्मानं नकाशाची गुंडाळी उराशी धरली.

"न्हाई सर, हा मुरुडच्या शाळेचा आहे," ती म्हणाली. "तुम्हाला दुसरा काढून देते."