नाव माझं, पूजा डब्याची

मी सीपीयू बोलतोय. थांबा, टेबलाखालच्या त्या काळ्या डब्याकडे बघू नका. तो नुसता डबा. मी त्याच्या पोटात असायचो, बिस्किटाएवढा चौकोनी, खालच्या अंगाला बारीक पिनाच पिना. पण वसईकडच्या निर्मळ गावातल्या नथूभाऊंच्या घरात डब्यालाच सीपीयू म्हणायचे. दसऱ्याला हळदकुंकू त्याला, वाडीतल्या झेंडूची माळही त्यालाच. नाव माझं आणि मान भलत्याचा!

जन्माने मी वाळू. वाळूतलं सिलिकॉन शुद्ध करून त्याची पातळ चकती कापली आणि तिच्यावर डोळ्यांना दिसणार नाहीत अशी अब्जावधी बटणं कोरली. प्रत्येक बटण एक तर चालू, नाही तर बंद. यापलीकडे मला काही कळत नाही. वसई स्टेशनजवळच्या एका दुकानात मला बोर्डावर बसवलं आणि नथूभाऊंच्या मुलाच्या, भूपेशच्या कॉलेजच्या निमित्ताने मी या घरी आलो.

माझं काम अगदी बाळबोध. मेमरीतून एक आज्ञा उचलायची, ती कसली आहे ते ओळखायचं, पार पाडायची, की लगेच पुढची. ही बेरीज कर, हे दोन आकडे सारखे आहेत का बघ, हा आकडा तिकडे नेऊन ठेव. हे सगळं एका ठोक्यावर चालतं आणि तो ठोका सेकंदाला अब्जावधी वेळा पडतो. त्यामुळे लोकांना मी हुशार वाटतो. छे, मी फक्त चपळ आहे. आणि विसराळू तर इतका की हातातला आकडा पुढे दिला की माझ्या लेखी तो संपला. जपून ठेवायचं काम शेजारच्या हार्ड डिस्कचं.

भूपेश सातिवलीला नोकरीला लागला आणि कॉम्प्युटर नथूभाऊंच्या ताब्यात आला. एकदा भूपेशने त्यांच्यापुढे माइक धरला. "बोला बाबा, काहीतरी बोला." एरवी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलणारे नथूभाऊ गडबडले. शेवटी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "ए रंभे, च्या टाक गो!"

"आताच तं झाला ना!" आतून उत्तर आलं. तेही रेकॉर्ड झालं.

पुढे नथूभाऊ वारले. मग दुपारची कामं उरकली की रंभाबाई सुनेला, तेजस्वीला म्हणायच्या, "लाव गो जरा." मी माझ्या कामाला लागायचो. डिस्कवरचा आवाज म्हणजे तरी काय, आकडेच. ते मेमरीत यायचे, मी एकेक पुढे धाडायचो, आणि स्पीकरमधून नथूभाऊ चहा मागायचे. रंभाबाई हसायच्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावायच्या.

यंदा दसऱ्याची माळ डब्यावरच सुकली. पाकळ्या जाळीतून आत गळल्या आणि पंख्यात अडकल्या. मी कामाने तापतो, त्यात पंखा अडला, म्हणून जीव वाचवायला मी सारखा बंद पडू लागलो. रविवारी भूपेश साफसफाईला बसला. पंखा माझ्याच डोक्यावर बसवलेला असतो आणि आमच्यामधल्या, उष्णता वर पोचवणाऱ्या मलमाने वाळून घट्ट धरलं होतं. पठ्ठ्याने हिसका दिला. पंख्याबरोबर मीही उपटून वर आलो, पिना मोडल्या.

"आई, सीपीयू गेला!" भूपेशने कपाळावर हात मारला. "आता टाकूनच द्यायचा."

रंभाबाईंनी येऊन डब्याला मिठी घातली. "एकदा गेला माजा मानूस. आता त्याचा आवाजपन टाकता काय रं? मी नाय देनार!"

सीपीयूचा आणि आवाजाचा काय संबंध, हे भूपेशला उमजेना. रंभाबाई जेवायलाही बसल्या नाहीत. माझ्या नावापायी हा घोळ झाला होता आणि मला तोंड नव्हतं. फार वाईट वाटलं.

घोळ तेजस्वीच्या ध्यानात आला. तिने मला तळहातावर घेऊन सासूपुढे धरलं. "आई, सीपीयू म्हणजे हा एवढासा. मोडला तो हा. बाबांचा आवाज डिस्कमध्ये आहे, तिला धक्का नाही लागला."

रंभाबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. "मंग एवडे दीस यानं काय केला?"

"बाबांचा आवाज तुमच्यापर्यंत आणला."

"आनि याच्याजवल काय ऱ्हायला?"

"काहीच नाही, आई. याच्याजवळ काही राहतच नाही."

परवा माझ्या जागी नवा सीपीयू बसला. भूपेशने जीव मुठीत धरून बटण दाबलं आणि बाबांचा आवाज लावला. "ए रंभे, च्या टाक गो!"

"टाकते," रंभाबाई म्हणाल्या आणि खरंच आत गेल्या.

मला त्यांनी भंगारात जाऊ दिलं नाही. नथूभाऊंच्या चष्म्याच्या डबीत ठेवलंय. माझं मागणं एवढंच, माळ घाला, पण जाळीपासून लांब. नव्यालाही ताप सोसत नाही.

आता दुपारी ती हाक मी डबीत पडून ऐकतो. ती कुठे पुढे धाडायची नसते. म्हणूनच असेल, पहिल्यांदाच काहीतरी माझ्या लक्षात राहतंय.