पाहुण्यांसमोर उलटलेला फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. भिंतीला चिकटून आयुष्य काढणाऱ्यांतला मात्र नव्हे. मला चाके आहेत, दोन तोंडे आहेत आणि मधल्या दांड्यावर मी गर्रकन उलटा फिरतो. सुतारकाकांनी मला घडवले, तेव्हा मी नको तेव्हा फिरू नये म्हणून कडेला एक लाकडी खिट्टी ठोकली. ही खिट्टी लक्षात ठेवा, पुढे तिचेच काम आहे.

माझी नेमणूक एका आंतरराष्ट्रीय शाळेत झाली. काही वर्षे तिथे माझी चांगली वट होती. मग वर्गावर्गांत चकचकीत डिजिटल पडदे आले आणि मला जिन्याखाली, ओल्या फडक्यांच्या शेजारी जागा मिळाली. चाके गंजली, खिट्टी सैल झाली. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

माझे नशीब उघडले ते रस्त्यापलीकडच्या छोट्या शाळेतल्या गणिताच्या बाईंमुळे. दोन्ही शाळांच्या शिक्षकांनी मिळून पाठ तयार करावा आणि दोन्हीकडच्या मुलांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून तो शिकावा, ही कल्पना त्यांची. वर्ग कधी इकडे भरे, कधी तिकडे. पडदा काही रस्ता ओलांडू शकत नव्हता. मला मात्र मुलांनी ढकलले की मी खडखडत निघायचो. सुरुवातीला मुले आपापल्या शाळेचा कंपू करून बसायची. पुढे ती खडूवरून भांडू लागली, तेव्हा बाई म्हणाल्या की आता खरी ओळख झाली.

वर्ष संपताना उपक्रम बघायला पाहुणे येणार होते. त्यांना पटला तर तो पुढे चालणार, नाहीतर बंद. बाईंची झोप उडाली. आंतरराष्ट्रीय शाळेच्या पर्यवेक्षकांनी तालमीचा घाट घातला. अपूर्णांकांचा एकच पाठ मुलांकडून इतका घोटून घेतला की प्रश्न संपायच्या आत उत्तर यायचे. तालमीत मुलांना बघून पाठ करता यावीत म्हणून सगळी उत्तरे, सूचनांसकट, रंगीत खडूंनी माझ्या मागच्या तोंडावर लिहून ठेवली. एका तालमीत छोट्या शाळेतली चिमणी नावाची मुलगी मध्येच काही विचारू लागली, तर पर्यवेक्षकांनी तिला खाली बसवले, कारण तो प्रश्न पाठात नव्हता. बाईंना ते मुळीच रुचले नाही, पण उपक्रम वाचावा म्हणून त्या गप्प राहिल्या.

तो दिवस आला. बाईंनी माझ्यावर पहिला प्रश्न लिहिला आणि खडू जरा जोरात टेकवला. खिट्टी निसटली आणि मी पाहुण्यांसमोर सपशेल उलटलो. पहिल्यापासून शेवटपर्यंतची उत्तरे त्यांच्यासमोर! वर ठळक सूचना : 'इथे सर्वांनी हात वर करावेत.' ती वाचून गुणी मुलांनी लगेच हात वर केले.

पितळ उघडे पडणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. पर्यवेक्षक घाम पुसू लागले.

एक वयस्कर पाहुणे शांतपणे म्हणाले, "हे तर झालेलं दिसतंय. न झालेलं काही आहे का?"

बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग डस्टर उचलून सगळी उत्तरे पुसून टाकली. "चिमणे, तुझा तो प्रश्न विचार."

चिमणी उठली आणि शेजारच्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाली, "याचं कलिंगड मोठं, माझं छोटं. दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं. मग यानं जास्त कसं काय खाल्लं?"

याचे उत्तर कोणी घोटलेले नव्हते. मग आंतरराष्ट्रीय शाळेतला एक उंच मुलगा पुढे आला आणि त्याने दोन सारखी कलिंगडे काढली. दुसऱ्या एका मुलीने त्यातले एक पुसून छोटे काढले. वाद पेटला, पर्यवेक्षकही बाह्या सारून खडू मागू लागले. शेवटी मुलांनीच ठरवले की अर्धे म्हणताना कशाचे अर्धे तेही सांगायला हवे. घंटा झाली तरी कोणी जागचे हलले नाही.

निघताना ते पाहुणे बाईंना म्हणाले, "वर्ग चालू ठेवा. तालमी तेवढ्या बंद करा."

बाई मटकन बाकावर बसल्या आणि कितीतरी दिवसांनी मनमोकळे हसल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला. लाकडाला जीव नसतो म्हणतात, पण माझाही पडला.

दुसऱ्या दिवशी सुतारकाका आले. त्यांनी नवी खिट्टी ठोकली, चाकांना तेल दिले. मित्रांनो, जुन्या वस्तूंच्या खिट्ट्या वेळेवर बघत जा, एवढीच विनंती. आणि माझे मागचे तोंड कोरेच राहू द्या. चिमणीला अजून बरेच विचारायचे आहे.