हॅना घरात गेलीच नाही

मी बोलतेय. इकडे बघा, बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर. पाठीला खाकी चिकटपट्टी लावलेली, कोपरे दुमडलेले, ती मीच. मी एक इंग्रजी कादंबरी आहे. इंग्रजी म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली असेल तर पडू द्या, मला सवय आहे.

माझी गोष्ट विलायतेत कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी लिहिली, म्हणून मला अभिजात म्हणतात. त्याचा फायदा एवढाच, की लोक माझ्याबद्दल आदराने बोलतात आणि मला लांबच ठेवतात. ही माझी प्रत मात्र दिल्लीकडच्या छापखान्यातली. छापून झाले तशी पुण्यात आले आणि इथलीच झाले. बोलणं जरा तिखट वाटलं तर तो या गावाचा गुण समजा.

नारायण पेठेतल्या हेमाताईंनी कॉलेजात असताना मला घेतलं. काय ती हौस! पहिल्या पानावर वळणदार सही केली आणि पेन्सिलीला टोक काढून बसल्या. अवघड इंग्रजी शब्द दिसला, की त्याच्या डोक्यावर मराठी अर्थ. पहिल्या प्रकरणात एक ओळ मोकळी सुटली नाही. दुसऱ्यात अर्थ विरळ झाले. तिसऱ्या प्रकरणात एका ओळीपाशी त्यांनी बारीक अक्षरात 'उद्या' असं लिहिलं आणि मला मिटलं. तो उद्या काही उगवला नाही. त्यांनी पुढे मला मैत्रिणींना दिलं, भाचीला दिलं. सगळ्या त्या 'उद्या'पर्यंत आल्या आणि परत गेल्या. त्यापुढची माझी पानं कोरी करकरीत राहिली. आपली गोष्ट कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावी एवढीच माझी इच्छा, पण सांगणार कशी? तोंड आहे कुठे मला?

हेमाताई कोथरूडला राहायला गेल्या तेव्हा मी रद्दीत गेले आणि रद्दीतून बुधवार पेठेत, रंगरावांच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात. तिथे इंजिनिअरिंगच्या जाडजूड पुस्तकांखाली माझा श्वास कोंडला होता. एका दुपारी एक सडपातळ मुलगी आली आणि तिने चक्क माझं नाव घेतलं.

"काका, या कादंबरीचं गाईड आहे का?"

"गाईड संपलं," रंगराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "त्याच नावाचं हे एक आहे. हवं तर घ्या."

ती अपेक्षा. वडील वाशीमकडून कारखान्यात कामाला आलेले, आई यमुनाबाई घरी ब्लाउज शिवतात. बारावी झालेली ही पोर यज्ञेश्वर सरांच्या इंग्रजीच्या क्लासला जायची. पुण्यातली एक संस्था इंग्रजीची परीक्षा घेते, राज्यभर. एक पेपर शब्दसंपत्तीचा, एक कादंबरीचा. वरच्या नंबरात येतील त्या मोजक्या मुलांना संस्था भाषांतराच्या अभ्यासक्रमाला घेते. अपेक्षाला तिथे जायचं होतं. दुसरं काही तिला नकोच होतं. तिथे वर्षानुवर्षं एकच कादंबरी लागलेली, ती मी.

दुसऱ्या दिवशी तिने मला क्लासात बाकावर ठेवलं. सरांनी चष्मा वर केला.

"अगं, हे काय उचलून आणलंस? हे ओरिजिनल आहे!"

जणू माझ्यात वाळवीच होती. पोरं फिदीफिदी हसली. शेजारच्या गंधारने आपलं पातळसं गाईड तिच्यासमोर पंख्यासारखं हलवून दाखवलं.

"परत देऊन टाक," सर म्हणाले.

रंगरावांनी बोट वर करून पाटी दाखवली. विकलेला माल परत घेतला जात नाही. "आणि वाचता येत नसेल तर इंग्रजीच्या आधी मराठीचा क्लास लावा," एवढं बोलून ते पुन्हा पेपरात गेले. अपेक्षा रडवेली झाली. मला मात्र, खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

नाइलाजाने तिने मला वाचायला घेतलं. हेमाताईंच्या अर्थांचं बोट धरून ती भराभर आली आणि त्या 'उद्या'पाशी थबकली. पुढे एकही अर्थ नाही. आता मिटणार ही मला! पण तिने पेन्सिल घेतली, डिक्शनरी ओढली आणि पुढच्या शब्दावर स्वतःच्या ठसठशीत अक्षरात पहिला अर्थ लिहिला.

मग रोज संध्याकाळी तेच. नवा शब्द ती तोंडात घोळवायची आणि कुठेतरी वापरून बघायची.

"काय पुटपुटून राह्यली वं?" मशीनवरून यमुनाबाई विचारायच्या.

"रिलक्टंट. म्हणजे मनात नाही, पण करावं लागतं."

"मंग तशी त मी रोजचीच हाय," यमुनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दोरा तोडला.

आणि मग गोष्ट. दिवसभरात जेवढं वाचून झालं असेल तेवढं अपेक्षा आईला मराठीतून सांगायची. माझी हॅना म्हणजे एका गिरणीवाल्याची मुलगी. बाप सगळी गिरणी तिच्या भावाच्या नावावर करतो आणि ती सगळ्यांदेखत विचारते, "मी कोण मग?" त्या एका प्रश्नापायी तिला घर सोडावं लागतं. शहरात ती शर्ट शिवते, एकटी राहते. यमुनाबाईंना शर्ट शिवणारी हॅना फार आवडली. "किती शर्ट होतात तिचे एका दिवसात?" त्या विचारायच्या. ते माझ्यात कुठे लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

शेवट तेवढा सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाप आजारी असल्याचं ऐकून हॅना कितीतरी वर्षांनी, त्याच्यासाठी फळांची टोपली घेऊन, गावाकडे निघते. फाटकापाशी येते, खिडकीत दिवा दिसतो. तिथे प्रकरण संपतं आणि त्यानंतर एक कोरं पान आहे. त्या कोऱ्या पानामागे शेवटचं प्रकरण, दोनच पानांचं. हॅना खिडकीतून बघते. बाप बरा झालाय, हसतोय. सगळे जेवायला बसलेत आणि तिच्या खुर्चीवर भावाची लहानगी मुलगी बसलीय. हॅना टोपली उंबरठ्यावर ठेवते आणि मागे फिरते.

अपेक्षाने हे सांगितलं तेव्हा मशीन थांबलं.

"गेलीच नाही आत?"

"नाही."

"आन कोणी पाह्यलंबी नाही तिले?"

"नाही गं."

यमुनाबाईंनी हातातलं कापड मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं केलं. आत गेली असती, त त्या लेकराले खुर्चीवरून उठवा लागलं असतं."

एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. मला भरून आलं.

तो आनंद एक रात्र टिकला. दुसऱ्या दिवशी क्लासात अपेक्षाने सहज गंधारचं गाईड उघडलं. शेवटी छापलं होतं: हॅना घरी परतते, वडील तिला क्षमा करतात, कादंबरी सुखान्त आहे. क्षमा! अरे, तिने केलं काय होतं? गाईड लिहिणारा महाभाग त्या कोऱ्या पानाशी आला, संपलं समजला आणि मला मिटून मोकळा झाला. आणि वर्षानुवर्षं पोरं तेच घोकत होती.

"सर, गाईडमध्ये शेवट चुकलाय," अपेक्षा म्हणाली.

"बाळ, तुझ्या जन्माआधीपासून शिकवतोय मी हे."

"सर, एकदा बघा ना."

सरांनी पोरांना शब्दार्थांची चाचणी सोडवायला दिली आणि मला हातात घेतलं. कोरं पान उलटलं. ती दोन पानं त्यांनी वाचली, पुन्हा वाचली. चष्मा काढून पुसला. त्यांच्या हातात मी यापूर्वी कधी नव्हते, माझी कुठलीच प्रत नव्हती, हे त्यांच्या बोटांवरूनच मला कळलं.

"हं," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "खरं काय ते तुला कळलं, उत्तम झालं. पेपरात गाईडमधलं लिही."

"मग सर, पुस्तक कशाला लावलंय?"

"लावलंय. वाचायला कुणी सांगितलंय?" पण हे बोलताना त्यांचा नेहमीचा सूर लागला नाही. "तुला प्रवेश हवाय ना? तपासणाऱ्याच्या हातात आदर्श उत्तर असतं, ते गाईडवरून केलेलं असतं. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. आणि हे राहू दे माझ्याकडे थोडे दिवस."

अपेक्षा परीक्षेला गेली तेव्हा मी सरांच्या पिशवीत होते. तिने काय लिहिलं, मला कळायला मार्ग नव्हता. सर मला पहिल्या पानापासून वाचत होते. हेमाताईंचे अर्थ वाचून हसायचे, 'उद्या'पाशी हसायचं थांबले.

मग पेपर तपासणी आली. संस्थेचा हॉल, वर करकरणारे पंखे, टेबलावर गठ्ठे. सर दरवर्षी तपासायला जायचे. पेपरावर नाव नसतं, गाव नसतं. डाव्या हाताला आदर्श उत्तर ठेवून लाल पेन चालवायचं. पेपरामागून पेपर, हॅना घरी जात होती. बाप क्षमा करत होता. मी पिशवीच्या तोंडातून हे ऐकत होते, कारण सर तपासताना पुटपुटतात. आणि एकाएकी त्यांचं पुटपुटणं थांबलं.

कुणीतरी लिहिलं होतं, हॅना आत जात नाही. तिच्या खुर्चीवर मूल बसलेलं असतं. ती टोपली ठेवते.

सरांनी मला ओढून बाहेर काढलं. त्यांना वाटलं अपेक्षा, मलाही तेच वाटलं. पण अक्षर तिचं नव्हतं. तिचं ठसठशीत, हे बारीक, उजवीकडे झुकलेलं. म्हणजे कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी घरात आणखी एका लेकराने माझं ते कोरं पान उलटलं होतं! मला ओरडावंसं वाटलं.

सर मला घेऊन तडक मुख्य परीक्षक बाईंकडे गेले.

"मॅडम, हे उत्तर बरोबर आहे. पुस्तकात बघा."

"आदर्श उत्तरात आहे का?"

"नाही. आदर्श उत्तरच चुकलंय."

बाईंनी वाचलं. त्या काही दुष्ट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी मला हळूच मिटलं.

"सर, निम्मे गठ्ठे तपासून झालेत. आता बदलायचं म्हणजे सगळे पुन्हा काढायचे. आणि ज्या मुलांनी आपण दिलेलंच पाठ केलं, त्यांनी काय पाप केलंय? त्यांचे गुण कापायचे?"

"मग याचे कापायचे?"

"पुढच्या वर्षी बघू आपण. निकालाची तारीख जाहीर झालीय हो."

सर जागेवर येऊन बसले. त्यांच्या कोपराखाली मी उघडीच होते, नेमकी त्याच पानावर. लाल पेन बराच वेळ हवेत राहिलं. अहो, नका, नका, मी जीव तोडून म्हणत होते. कागद तो कागद, आवाज कुठून फुटणार? सरांनी शून्य दिलं. त्यानंतर त्यांनी चहाही घेतला नाही.

निकाल लागला. गंधारला प्रवेश मिळाला. अपेक्षाचं नाव यादीत नव्हतं. क्लास सुटल्यावर ती सरांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सर, मी खराच शेवट लिहिला," ती म्हणाली. "गाईडमधलं आठवत होतं, पण आईला सांगून बसले होते ना. हात वळेना."

मला वाटलं सर चिडतील. त्यांनी मला पिशवीतून काढून तिच्यासमोर ठेवलं.

"आणखी एकाने लिहिला होता," ते म्हणाले. "माझ्याच गठ्ठ्यात आला. मी शून्य दिलं."

अपेक्षाने मला हातात घेतलं. प्रवेश गेल्याचं दुःख तिच्या डोळ्यांत होतंच, पण तिने विचारलं भलतंच.

"कोण होतं, सर?"

"नाव नसतं गं पेपरावर."

"अक्षर कसं होतं?"

"बारीक. उजवीकडे झुकलेलं."

तिने मान हलवली आणि मला छातीशी धरून घरी आणलं.

आता ती साध्या कॉलेजात जाते. आदर्श उत्तर अजून तेच आहे, गाईडही तेच, छान खपतंय. सर नव्या पोरांना तेच सांगतात, फक्त सांगून झाल्यावर खिडकीबाहेर बघतात, असं अपेक्षा म्हणते. यमुनाबाई हॅनाची आठवण निघाली की विचारतात, ती टोपली सापडली असंल का त्याइले. मी फळीवर आहे. माझं एकही पान आता कोरं नाही, त्या मधल्या पानावरही तिने पेन्सिलीने बाण काढलाय, पुढे बघा म्हणून. आणि तिला एक खोड लागलीय. कॉलेजात, बसमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात कुणी लिहीत असलं, की ती मान वाकडी करून अक्षर बघते.

मला तर फळीवरून उतरताही येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमच्या गावात, तुमच्या घरात, कुणाचं अक्षर बारीक आणि उजवीकडे झुकलेलं असेल आणि इंग्रजीच्या परीक्षेत त्याला माझ्यापायी शून्य मिळालं असेल, तर ते लेकरू अजूनही समजत असेल की आपलंच चुकलं. त्याला सांगा हो, चुकलं नव्हतं. हॅना घरात गेलीच नाही.