खोबऱ्याचे तुकडे आणि धारवाडची गाडी

पुण्याचं माणूस बेंगळुरूत वीस वर्षं राहिलं तरी आपलंच घोडं पुढे दामटतं, याचा जिवंत नमुना मी. मुलींच्या खो-खो संघाची मी शिक्षिका. संघ राज्य स्पर्धेसाठी निवडला गेला आणि शाळेने हात वर केले. पंधरा जणींना धारवाडला न्यायचं, तर पैसे आम्हीच उभे करायचे. कर्णधार पवित्रा दहावीची, शाळेकडून खेळायचं तिचं हे शेवटचं वर्ष. ती त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती, आणि म्हणूनच माझा जीव तुटत होता.

संक्रांत तोंडावर आलेली. मी फर्मान सोडलं, "तिळगुळाचे लाडू विकायचे!"

पवित्राचं घराणं मराठीच, पण चार पिढ्या इथेच मुरलेलं. ती म्हणाली, "मिस, स्वल्प ऐका. हितं लाडू कोण घेत नाहीत. एळ्ळु-बेल्ला वाटतात."

म्हणजे तीळ, शेंगदाणे, डाळं, सुकं खोबरं आणि गूळ यांचं मिश्रण. मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "एकदा चव घेऊ देत, मग बघ."

संक्रांतीआधीच्या शनिवारी एचएसआर लेआउटमधल्या एका मोठ्या सोसायटीत टेबल मांडलं. दोनशे लाडवांतले दुपारपर्यंत अकरा खपले, त्यातले चार मीच घेतले. वर पाक पुढे गेल्यामुळे ते दगड झाले होते. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

तेवढ्यात एक बाई थांबल्या. हातात सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, गुळाची ढेप, चेहऱ्यावर वैताग. "सगळं आणलंय, पण एवढं बारीक कापणार कोण? ऑफिसचं काम डोक्यावर आहे."

पवित्राने मला विचारलंसुद्धा नाही. "अक्का, आम्ही कापून देतो," म्हणाली आणि आईला फोन लावला. तिची आई, तुंगाबाई, तासाभरात अडकित्ते, विळ्या, पाट घेऊन हजर. पोरींनी हात धुतले, बैठक मारली. तांदळाएवढे एकसारखे तुकडे पडू लागले. बातमी सोसायटीच्या ग्रुपवर गेली आणि लिफ्टमधून खोबऱ्याची रीघ लागली. घरामागे तीनशे रुपये, कुणी घासाघीस केली नाही. रविवारी शेजारच्या दोन सोसायट्यांनी बोलावलं. मी निमूट गूळ फोडत बसले. माझ्या बोटांना फोड आले, तरी हात थांबवला नाही.

रविवारी संध्याकाळी तिथेच बसून मी जमलेल्या पैशांतून फोनवर धारवाडच्या गाडीची तिकिटं काढली. पंधराच्या पंधरा पक्की झाली. नावं मोठ्याने वाचली, पहिलं पवित्राचं. इतके दिवस गप्प असलेली ती पोर पाटावरच हमसून रडली आणि दुसऱ्या क्षणी उठून अशी ओरडली की वॉचमन धावत आला.

"काय झालं?" त्याने घाबरून विचारलं.

"आमची कर्णधार धारवाडला खेळणार आहे!" मी तिच्याहून मोठ्याने ओरडले.