पोटॅशच्या पोत्याशेजारचा डिटेक्टर

मी एक जुना गॅमा डिटेक्टर आहे. ताऱ्यांच्या पोटात कार्बन, ऑक्सिजन, लोखंड कसं शिजतं, याचा माग काढण्यासाठी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी अजून एकही तारा पाहिलेला नाही. नागपुरातल्या ज्या कॉलेजात मी राहतो, तिथल्या माझ्या खोलीला खिडकी नाही.

तसा मी ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद केलेला एका क्षाराचा खडा. अदृश्य किरण अंगावर आला की मी लुकलुकतो आणि शेजारचा संगणक ते टिपून ठेवतो. एकसारखे किरण पुष्कळ आले, की आलेखात शिखर उभं राहतं. पंधरा वर्षं विद्यार्थ्यांनी माझ्यावर एकच प्रयोग केला. पुढे तर तो मागच्या बॅचच्या वहीवरूनच होऊ लागला आणि माझ्या शिशाच्या विटांवर चहाचे कप आले. तरी लॅब अटेंडंट ताराचंदकाका दर पावसाळ्यात मला न चुकता प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत. ओल लागली असती तर मी कधीच संपलो असतो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मग नरखेडकडची गोपिका एम.एस्सी.ला आली. तिला एका मोठ्या संस्थेत ताऱ्यांमधल्या अणुक्रियांवर आठ आठवडे संशोधन करायचं होतं. अर्जासोबत अट होती: आपल्या लॅबचं आठवडाभर मापन करा आणि आलेखातल्या प्रत्येक शिखराचं कारण लिहा.

सहा दिवस पोटॅशियमचं शिखर बुटकंच होतं. भिंतीतल्या पोटॅशियममधून तेवढे किरण येतातच. सातव्या दिवशी, अर्ज पाठवायच्या दुपारी, ते दहापट झालं.

"अवकाशातून काहीतरी आलंय!" विभागप्रमुख म्हणाले. "लिहून टाक."

"सर, कारण माहीत नसताना कसं लिहू?" गोपिका रडकुंडीला आली होती.

तेवढ्यात ताराचंदकाका पोछा घेऊन आले. कोपऱ्यात गोपिकाचे बाबा महादेवराव एसटीची वाट पाहत बसले होते; त्यांचं पोतं माझ्या अगदी शेजारी टेकलेलं होतं. "महादेवराव, हे पोतं सरकवा गा. मले पुसाचं हाय."

गोपिकाने वळून पाहिलं. "बाबा, काय हाय गा ह्याच्यात?"

"पोटॅश. संत्र्याले. गावात भेटून नाही राहिलं."

"अन् इथं काहून ठेवलं?"

"सावली होती ना!"

दोघांनी पोतं बाहेर ओढलं. त्या शिखरावर पडणारी भर एकदम पूर्वीइतकी कमी झाली.

गोपिकाने अर्जात लिहिलं: 'सातव्या दिवसाची वाढ वडिलांच्या संत्र्यांसाठी आणलेल्या पोटॅशमुळे.'

"असं लिहितात का?" सर कळवळले.

"मग काय लिहू सर, मोसंबीसाठी?"

तिची निवड झाली. कळवताना संस्थेने त्या एका ओळीचं कौतुक केलं. त्या दिवशी सरांनी स्वतः माझ्यावरची धूळ पुसली. मित्रांनो, यंत्र जुनं झालं तरी खोटं बोलत नाही. त्याला कोरडं ठेवा आणि ते काय सांगतंय ते ऐका. माझं ऐकणारी एक जण मला भेटली, याबद्दल मी आभारी आहे.

त्या संस्थेत तिला संगणकाच्या गटात घेतलं आहे. डिटेक्टरच्या खोलीत जायची परवानगी त्या गटाला नाही.