सोळावी सही

सत्त्याण्णवच्या जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी अरुणा सिंगापूरच्या जुरोंग ईस्टमधल्या पद्माकरच्या फ्लॅटवर आली, तेव्हा त्याची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. तो मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर होता. दोन वाजता क्लिफर्ड पियरच्या धक्क्यावरून जहाजाकडं नेणारी लाँच, आणि मग सहा महिने समुद्र.

अरुणा त्याच्याच गावची, इथं एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. गावाकडं येळवी ओढ्याकाठची पाच गावं मिळून भूजल संघ काढत होती. प्रत्येक बोअरला मीटर, उन्हाळ्यात पंप दिवसाला चारच तास, आणि हॉर्सपॉवरप्रमाणे वार्षिक वर्गणी. सुरुवातीचा निम्मा खर्च पुण्याची एक संस्था देणार होती. तिची अट एवढीच होती, की दोनशे फुटांहून खोल बोअर असलेल्या सोळाही जणांनी करारावर सही करायची. पंधरा सह्या झाल्या होत्या. सोळावी बोअर पाचशे फुटांची, पद्माकरच्या नावावर. ती चालवायचा त्याचा धाकटा भाऊ शैलेंद्र.

पद्माकरनं तिच्यापुढं चेक ठेवला. "पाच हजार डॉलर आहेत. गावांचा निम्मा वाटा यात निघेल."

"आणि सही?"

"सही सोडून बोल."

अरुणानं चेक परत सरकवला. "दादा, पैसेच हवे असते तर मी अजून चार घरं फिरले असते. उद्या सकाळी गावात कराराची सभा आहे. सगळ्यांत मोठा पंप मोकळा राहिला, तर बाकीचे पंधरा कशाला बांधून घेतील?"

"सहा एकर डाळिंब आहे तिथं. शैलेंद्रचा संसार आहे त्याच्यावर."

संजीवनी चहाचे कप घेऊन आली होती. ती ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली. "मेमध्ये मी गावी गेले होते ना," ती नवऱ्याला म्हणाली, "तेव्हा हिच्या आईच्या विहिरीत बायका उतरून वाटीनं पाणी भरत होत्या. आपला पंप तिथवर ऐकू येत होता."

"मला बोलली नाहीस."

"काय बोलणार? पंप आपलाच होता."

पद्माकर उठला आणि त्यानं गावी फोन लावला.

"सही करायची नाही, दादा," शैलेंद्र पहिल्याच वाक्याला म्हणाला. "चार तासांत निम्मी झाडं जळतील. तू तिकडं बोटीवर. हितं मी मरायचं."

"पंप किती वेळ चालतो?"

"लाइट असेल तोवर."

"पाणी सलग येतं?"

"येतं की."

"शैलेंद्र, मी काय विचारतोय?"

"मधेच हवा मारतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

पद्माकरनं डोळे मिटले. हवा ओढणारा पंप म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. "म्हणजे खाली पाणीच उरत नाहीये. संघ होवो न होवो, दोन वर्षांत तुझी सगळी झाडं जातील."

"ते मी बघीन. तू सही केलीस तर भाऊ म्हणून परत फोन करू नकोस." फोन ठेवल्याचा आवाज आला.

पद्माकरनं रिसीव्हर ठेवला. मग त्यानं अरुणाकडून करार मागून घेतला, चारही पानं पुन्हा वाचली आणि प्रत्येक पानावर सही केली.

अरुणाचं ऑफिस दहा मिनिटांच्या अंतरावर होतं. पद्माकर बॅग घेऊनच तिच्याबरोबर तिथं गेला. तिथून तालुक्याच्या एसटीडी बूथवर फॅक्स करायचा होता. पहिल्यांदा लाइन लागली नाही. दुसऱ्यांदा दोन पानं गेली आणि तुटली. साडेबारा वाजले. "तुम्ही निघा, दादा," अरुणा म्हणाली. "लाँच चुकेल." तो हलला नाही. त्याच्या शर्टाची पाठ एसीतही भिजली होती. पाचव्या खेपेला चारही पानं गेली. बूथवाल्यानं फोनवर सही वाचून दाखवली, तेव्हा कुठं पद्माकर बॅग उचलून एमआरटी रेल्वेच्या स्टेशनाकडं पळाला.

संघ मार्चमध्ये रजिस्टर झाला. शैलेंद्रनं दोन एकरांतली डाळिंबाची झाडं स्वतःच्या हातानं तोडली आणि सिंगापूरला पत्र पाठवणं बंद केलं. उन्हाळ्यात विहिरी काही भरल्या नाहीत. गावात टँकर आलाच, पण दर वर्षीपेक्षा तीन आठवडे उशिरा. संजीवनीनं हे पत्रात कळवलं, ते पद्माकरला डर्बनला मिळालं.

त्यानं बंदरावरच्या बूथमधून गावी फोन लावला. शैलेंद्रनंच उचलला.

"पंप कसा आहे?" पद्माकरनं विचारलं.

"चार तास चालतो," शैलेंद्र म्हणाला. मग त्यानं आणखी सांगितलं, "हवा मारत नाही आता."

यापुढं तो काही बोलला नाही, पण त्यानं फोनही ठेवला नाही. पद्माकर नाणी टाकत राहिला.