त्या दिवशी मी झाकलेला होतो

मी फळा. पनवेलजवळच्या नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे, त्या गावाच्या नाक्यावर दोन लोखंडी खांबांवर मला बसवलंय. आजवर माझ्यावर पुष्कळांनी लिहिलं, पण मला काय वाटतं ते कोणी विचारलं नाही. आज मी आपणहून बोलतोय. रागात बोलतोय, हे आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म पनवेलमधल्या एका सुताराच्या दुकानात झाला. चार फूट बाय तीन फूट प्लायवुड, भोवती सागाच्या पट्ट्या आणि वर काळ्या रंगाचे तीन हात. तिथून मी टेम्पोत आडवा होऊन या गावच्या शाळेत आलो. तेवीस वर्षं मी पाढे आणि सुविचार अंगावर घेतले. मग वर्गात मोठा स्क्रीन आला आणि मला खिचडीच्या खोलीमागे टेकवून ठेवलं. तिथे माझ्यावर ओली फडकी वाळत घालायचे. तरी मी काही बोललो नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये डोंगराला वणवा लागला. शाळेच्या मुलांनी उतारावर दोनशे रोपं लावली होती. करंज, आवळा, बांबू. मुलं पाण्याच्या बाटल्या भरून वर चढायची, आणि उरलेलं पाणी परतताना एकमेकांवर उडवायची. ती सगळी रोपं एका दुपारी गेली. नाक्यावर माणसं मोबाइल उंच धरून आगीचं शूटिंग करत उभी होती. "आग लागली, आग लागली," असं सगळे म्हणत होते. आग लावली, असं म्हणणारा एकही भेटला नाही.

त्यानंतर शाळेच्या आशालता बाईंनी मला मागून बाहेर काढलं, धुतलं, नवा रंग दिला आणि नाक्यावर बसवलं. ठरलं असं, की बाईंच्या फोनवर रोज हवामानाचा अंदाज येतो तो सकाळी माझ्यावर लिहायचा. लिहायचं काम आठवीतल्या मनिषाकडे आलं. बाईंनी तिला निवडलं, कारण तिचं अक्षर सुंदर. मनिषाने कबूल केलं, कारण या कामात कोणाशी बोलावं लागत नाही.

पण पहिल्याच आठवड्यात तिला बोलावं लागलं. हौसा आजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन माझ्यासमोर थांबली.

"काय गो मनी, काय लिवलंस? मना वाचाला येत नाय."

मनिषाने हळू आवाजात सगळं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्या कोपऱ्यात एक मोठं वर्तुळ काढायला सुरुवात केली. पांढरं असेल तर काळजी नाही. तांबडं असेल तर त्या दिवशी काही पेटवायचं नाही.

तुम्हाला गंमत सांगतो. गावात वाचता येणारे खूप. कोणी पोलिसात, कोणी बँकेत, कोणी जमिनीच्या व्यवहारात. त्यांनी मला कधी वाचलं नाही. माझ्या खांबाला स्कूटर टेकवून ते गप्पा मारायचे आणि पेटती विडी कोरड्या गवतात टाकायचे. मला रोज न चुकता वाचायची ती एकटी हौसा आजी, जिला अक्षर येत नाही.

आजीला माझी गरजही होती. डोंगराला लागूनच तिचं शेत आहे. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि गवत पसरतात, वर माती टाकतात आणि ते भाजतात. त्याला राब म्हणतात. राब भडकत नाही, मातीखाली दिवसभर धुमसतो. म्हणून नुसता सकाळचा वारा पाहून चालत नाही, दुपारी वारा कसा असेल ते आधी कळावं लागतं. यंदाच्या उन्हाळ्यात आजी तीन दिवस राब रचून थांबली होती. तिन्ही दिवशी तांबडं वर्तुळ होतं. ती यायची, पाहायची, "ऱ्हाऊंदे, उद्या बघू," म्हणायची आणि परत जायची.

चौथा दिवस गुरुवार होता. मनिषाने पावणेसातला लिहिलं, "कमाल तापमान ३९. हवा कोरडी. सकाळी वारा शांत. दुपारी एकनंतर वारा फिरेल, जोरदार झुळका. वणव्याचा धोका जास्त. आज काहीही पेटवू नये." शेजारी तांबडं वर्तुळ काढलं, खडू घासून घासून भरलं आणि ती शाळेत गेली.

सात वाजता हितेश आला. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. गावात त्याचे तीन बंगले आणि दोन जेसीबी आहेत, तरी स्वतःच्या वाढदिवसाचा बॅनर लावायला तो स्वतः आला होता. बॅनरवर तो काळा चष्मा लावून लांब कुठेतरी बोट दाखवत होता. नाक्यावर इतकी जागा आहे. विजेचे खांब आहेत, भिंती आहेत. पण माझी चौकट त्याच्या मापाची निघाली. माझ्यावर काय लिहिलंय ते त्याने पाहिलंसुद्धा नाही. चार कोपऱ्यांना चार खिळे ठोकले. तेवीस वर्षांत शाळेतल्या सगळ्यात द्वाड मुलानेही माझ्याशी असं केलं नव्हतं.

चौथा खिळा ठोकत असताना हौसा आजी आली.

"हितेस, तांबडा हाय का पांढरा?"

"काय?"

"खाली गोल काढते ना पोरगी. तांबडा हाय का?"

"काकी, आज सगळं रंगीत हाय!" हितेश हसला. "बर्थडे हाय माझा. संध्याकाळी केक खायला ये."

आजी बॅनरकडे बघत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, "तांबडा असता तर झाकला नसता कोनी."

मी फळा आहे. मी ओरडू शकलो असतो तर त्या क्षणी ओरडलो असतो. आजे, तांबडाच आहे! या चष्म्यामागे तांबडाच आहे! पण आजी वळली आणि शेताकडे गेली.

तिने सगळं नीट केलं होतं. राबाभोवतीचं गवत खुरप्याने साफ केलं, पाण्याचे दोन हंडे जवळ ठेवले, वारा नसताना पेटवलं. मातीखालून धूर सरळ वर जात होता. दीड वाजता वारा फिरला. माझ्यावरचं फ्लेक्स फडफडायला लागलं आणि मला कळलं. ठिणग्या साफ केलेली जागा ओलांडून उतारावरच्या वाळक्या गवतात गेल्या. आजीचे दोन हंडे कुठे पुरणार? संध्याकाळपर्यंत डोंगराचा अर्धा उतार काळा झाला. यंदा मुलांनी पुन्हा लावलेली रोपं गेली, वरच्या फार्महाऊसचं कुंपण गेलं आणि आजीच्या गुरांची वर्षाची पेंढ्याची उडवीही गेली.

शनिवारी पाच वाजता नाक्यावरच्या मंडपात, माझ्या अगदी समोर, गावकमिटी बसली. कमिटीचे प्रमुख काशीराम अण्णा मध्ये बसले होते. वनखात्याला कळवायचं होतं, आग कोणामुळे लागली.

सगळ्यांत मोठा आवाज हितेशचा होता. "अण्णा, यात विचार काय करायचा? काकीचं नाव देऊन टाका. सगळ्या गावावर दंडाचं बिल नको."

आजी उभी राहिली. "राब मीच पेटवला. मी नाय बोलत नाय. पन बोर्डावर तांबडा नव्हता."

"तुला वाचता येतं का काकी?" हितेश म्हणाला आणि चारपाच जण हसले.

आजी खाली बसली. तिने पदर तोंडाला लावला. तिचं वय सत्तर, आणि वनखात्याचे लोक दारात येणार म्हणून ती दोन दिवस जेवली नव्हती.

मनिषा मंडपाच्या कडेला बायकांमागे उभी होती. तिचे ओठ दोनदा हलले, पण आवाज आला नाही. मग ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. वाढदिवस होऊन दोन दिवस झाले तरी बॅनर अजून माझ्यावरच होता, म्हणून दोन्ही सकाळी ती न लिहिताच परत गेली होती. तिने दोन्ही हातांनी त्याचा खालचा कोपरा धरला आणि ओढला. चारही खिळ्यांपाशी फ्लेक्स टर्रकन फाटलं आणि खाली आलं. सगळा मंडप वळून बघायला लागला.

माझ्यावरची अक्षरं थोडी पुसट झाली होती, पण एकही गेलं नव्हतं. वर गुरुवारची तारीख होती. तांबडं वर्तुळ होतं. आणि जमिनीवर उलट्या पडलेल्या बॅनरच्या मागे तसंच एक वर्तुळ उमटलं होतं, बरोबर हितेशच्या चेहऱ्याच्या पाठीवर.

अण्णा चष्मा लावून पुढे आले. शेवटची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, "आज काहीही पेटवू नये."

"मला काय माहीत खाली काय लिवलंय?" हितेश म्हणाला.

"खिळा ठोकताना डोळे घरी ठेवले होते का?" अण्णा म्हणाले. "आता नावं दोन जातील. नायतर एकही नाय."

मला वाटलं, न्याय झाला. मी किती भोळा!

अर्धा तास कुजबुज झाली. हितेशचे काका बोलले, मामा बोलले. शेवटी कागदावर लिहिलं गेलं, "वणव्याचे कारण अज्ञात." जोपर्यंत एका म्हातारीचं नाव होतं, तोपर्यंत कारण सगळ्यांना माहीत होतं. हितेशचं नाव आलं आणि ते अज्ञात झालं. आजी वाचली याचा मला आनंद आहे. पण तो कागद आठवला की माझ्या चारही खिळ्यांच्या भोकांत आग होते.

सोमवारी सकाळी मनिषा नेहमीसारखी आली. अंदाज लिहिला. वारा पुन्हा जोरात होता, वर्तुळ पुन्हा तांबडं होतं. मग खाली जागा उरली होती तिथे तिने एक ओळ लिहिली आणि खडू खिशात टाकला.

नाक्यावर दहाबारा माणसं बससाठी उभी होती. हितेशही स्कूटरवर होता. हौसा आजी आली. आता ती माझ्यावर हात फिरवून बघते, वर काही लावलेलं नाही ना.

"तांबडा हाय," ती म्हणाली. "आनि ही खालची ओळ नवी दिसते. काय हाय गो?"

मनिषाने एकदा माणसांकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले. मग तिने वाचलं, बसथांब्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"वणव्याचे कारण. त्या दिवशी फळा झाकलेला होता."

कोणी हसलं नाही. हितेशने स्कूटर सुरू केली आणि तो निघून गेला.

ती ओळ अजून माझ्यावर आहे. मनिषा रोज बाकीचं पुसते आणि ती ओळ ठेवते. मला नवा रंग नको, चौकट नको. एवढंच मागतो, की मार्च, एप्रिल, मे हे तीन महिने नाक्यावरून जाताना एकदा माझ्याकडे बघा. वाचायला वेळ नसेल तर नुसता रंग बघा. हौसा आजीला तेवढं पुरतं. तुम्हाला तर वाचताही येतं.